पुराच्या रात्री निरोप कसा पोहोचवायचा?



येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे जे विषय आहेत, त्यांत शेवटी एक लहानसा विषय आहे. नदीकाठच्या गावांसाठी आणि गट ऑफिसांसाठी हातात धरून बोलायचे वायरलेस संच, म्हणजे आपण ज्यांना वॉकी-टॉकी म्हणतो ते, कारखान्याने घ्यावेत की नाही, हा तो विषय. उसाचा दर, तोडणीचा क्रम, वाहतुकीची बिले यांवर बोलता बोलता संध्याकाळ होईल, आणि हा विषय ‘मंजूर, मंजूर’ किंवा ‘नामंजूर, नामंजूर’ अशा गलक्यात निकाली निघेल, अशी आम्हांला भीती वाटते. म्हणून सभेआधीच आमचे मत मांडत आहोत.

गटागटांतून फिरताना काही सभासदांनी आम्हांला तोंडावरच विचारले, “अहो, घरटी दोन-दोन मोबाईल झालेत. आता हे पोलिसांचं खेळणं कशाला पाहिजे?” प्रश्न रास्त आहे. कारखान्याचा पैसा म्हणजे तुमच्या उसाचा पैसा, तेव्हा तो विचारलाच पाहिजे. पण त्याचे उत्तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या दारातच मिळालेले आहे.

त्या वर्षी सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. तिथे पाणी ५५ फुटांच्या वर चढले. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे गेली, ते दुःख अजून कुणी विसरलेले नाही. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा महापूर आला. म्हणजे हे शंभर वर्षांतून एकदा येणारे पाणी आहे, असे म्हणून गप्प बसायची सोय आता राहिलेली नाही.

त्या दिवसांत आपल्या भागात काय झाले ते आठवा. पाणी तारांपर्यंत आल्यावर वीज बंद करावीच लागते. नाहीतर पाण्यात करंट उतरून माणसे मरतील. वीज गेली की मोबाईलचा टॉवर आपल्या बॅटरीवर चालतो, पण तो काही तासच. पुढे डिझेल लागते, आणि रस्ता पाण्याखाली असताना डिझेल घेऊन जाणार कोण? जिथे टॉवर चालू राहिला तिथे सगळा गाव एकदम फोन करू लागला, म्हणून लाईन मिळेना. आणि ज्याला लाईन मिळाली त्याचा फोन दुसऱ्या दिवशी चार्जिंगअभावी बंद पडला. खिशातला फोन शाबूत होता, पण तो ज्या साखळीवर चालतो तिची एकेक कडी तुटत गेली.

आमच्या डोळ्यांसमोरची एक गोष्ट सांगतो. नदीकाठच्या आपल्या एका गावात एक बाळंतीण आणि दोन म्हातारी माणसे घरात अडकली होती. नाव येणार, शाळेकडे या, असा निरोप सकाळी कुणीतरी फोनवर दिला. पुढे फोन बंद पडले. शाळेला पाणी लागले म्हणून घरच्यांनी त्यांना देवळाच्या माळवदावर हलवले, पण ते नावेवरच्या पोरांना कळवायचे कसे? नाव शाळेकडे गेली, हाका मारून परत फिरली. दोन्ही ठिकाणांत अंतर किती, तर अर्धा किलोमीटरही नसेल. शेवटी एक तरुण छातीएवढ्या पाण्यातून दोराला धरून नावेपर्यंत पोहोचला. बाळंतीण आणि तिचे बाळ सुखरूप निघाले, पण चार तास उघड्या पावसात बसून. त्या तरुणाचा पाय घसरला असता तर आज आम्हांला हा मजकूर वेगळा लिहावा लागला असता. अर्ध्या किलोमीटरवरचा निरोप पोहोचवण्यासाठी एका पोराने जीव पणाला लावावा, ही आपल्या कारखान्याला शोभणारी गोष्ट नव्हे.

इथे आमच्याच पदरातली एक चूक कबूल केली पाहिजे. आपल्या कारखान्याकडे पूर्वी वायरलेस होता. कारखान्यावर उंच मनोरा, शेतकी खात्यात मुख्य संच, गट ऑफिसांत आणि जीपमध्ये एकेक संच. जुन्या सभासदांना आठवत असेल. काट्यावर गाड्या तुंबल्या की शेतकी खात्यातून हाक जायची आणि तोड थांबायची. पुढे मोबाईल आला. परवान्याची फी दरवर्षी कशाला भरायची, असे म्हणून वायरलेस बंद केला. संच भंगारात गेले, परवाना संपू दिला. त्या वेळी आम्हीही या पत्रिकेत ‘काटकसरीचे स्वागतार्ह पाऊल’ असे छापले होते. आज ते शब्द परत घेतो.

आता मूळ गोष्टीकडे वळू. हा संच फोनपेक्षा वेगळा कसा? फोनवर आपण बोलतो तेव्हा आवाज आधी टॉवरला जातो आणि मग शेजारच्याला. हातातला वायरलेस मात्र एका संचातून थेट दुसऱ्या संचात बोलतो. मध्ये टॉवर नाही, कंपनी नाही, रिचार्ज नाही. बटण दाबले की बोलायचे, सोडले की ऐकायचे. दुसरा मोठा फायदा असा, की एकजण बोलला की त्या चॅनेलवरचे सगळे ऐकतात. “शाळेकडे नको, देवळाकडे या” हे एकदा सांगितले की नावेला, गट ऑफिसला आणि शेजारच्या वाडीला एकाच वेळी कळते. फोनवर तेच दहा जणांना दहा वेळा सांगावे लागते.

परंतु सगळे संच सारखे नसतात, आणि इथेच फसगत होते. आम्ही बाजारातले प्रकार पाहिले, जाणकारांशी बोललो आणि काही संच स्वतः हातात घेऊन शिवारात फिरलो. ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार बिनपरवान्याच्या लहान संचांचा. आपल्या देशात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात कमी शक्तीच्या संचांना २०१८ च्या नियमांनी परवान्यातून सूट दिलेली आहे. हे संच साधारण अर्ध्या वॅटचे, खिशात मावणारे, किमतीला हलके आणि शिकायला सोपे असतात. घरातले पोरसुद्धा पाच मिनिटांत शिकते.

दुसरा प्रकार परवान्याच्या मोठ्या संचांचा. यांची शक्ती पाच वॅटच्या आसपास असते. परवाना केंद्राच्या दूरसंचार खात्याकडून घ्यावा लागतो, ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सीवरच बोलावे लागते आणि दरवर्षी फी भरावी लागते. आपला जुना वायरलेस याच जातीचा होता. यांना कारखान्यावरच्या उंच एरियलची जोड देता येते, आणि खरा फरक तिथेच पडतो.

तिसरा प्रकार सिमकार्डच्या संचांचा. दिसायला अगदी वॉकी-टॉकी, बटण तेच, आवाज स्वच्छ, आणि विकणारा छातीठोकपणे सांगतो की देशात कुठेही बोला. ते खोटे नाही, पण हा संच मोबाईलच्या टॉवरवर चालतो. आम्ही त्यातले सिम काढून पाहिले. संच मुका झाला. हंगामात वाहतुकीच्या कामाला तो चांगला आहे, पण पुरात टॉवर पडला की तो आणि तुमचा फोन एकाच खाटेवर. आपत्तीसाठी म्हणून हा प्रकार कुणी गळ्यात मारायला आला तर घेऊ नका.

आता अंतराविषयी. खोक्यावर ‘१० किलोमीटर’, ‘३० किलोमीटर’ असे छापलेले असते. ते डोंगराच्या टोकावरून समोरच्या डोंगराशी बोलतानाचे आकडे समजा. या लहरी बहुतांशी नजरेच्या रेषेत जातात आणि पृथ्वी गोल असल्यामुळे पुढे जमिनीआड होतात. दोन माणसे सपाट मोकळ्या माळावर उभी राहिली, संच जमिनीपासून दीड मीटरवर धरला, तर हिशेबाने मर्यादा सुमारे १० किलोमीटर येते. तीही फक्त कागदावर. मध्ये झाड, घर, बांध काही नाही असे धरून. आपल्या शिवारात तर बारा-बारा फुटांचा आडसाली ऊस उभा असतो, आणि ओल्या पाल्यात आवाज मुरतो. आम्ही लहान संच घेऊन काट्यापासून चालत निघालो. रस्त्याने निघालो तोवर बोलणे छान चालले. उसाच्या फडात शिरलो तसा आवाज खरखरू लागला आणि ओढ्याच्या लवणात उतरलो तर पार तुटला. तिथून चढून रिकाम्या ट्रॉलीवर उभे राहिलो, तर पुन्हा काट्यावरच्या माणसाचा आवाज स्वच्छ आला. संच तोच, बॅटरी तीच. फक्त माणूस पाच-सहा फूट वर गेला.

यातून शिकायचे ते हे, की शक्तीपेक्षा उंची मोठी. अर्ध्या वॅटच्या जागी पाच वॅट घेतले म्हणून अंतर दहापट होत नाही. अगदी मोकळ्या अवकाशातसुद्धा ते तिपटीच्या आसपासच वाढते, आणि जमिनीवर त्याहून कमी. पण एरियल ३० मीटर उंचीवर नेले, तर जमिनीवरच्या माणसाशी हिशेबाची मर्यादा २५ किलोमीटरच्या पुढे जाते. आपल्या जुन्या मनोऱ्याचे महत्त्व यातच होते. मनोरा अजून उभा आहे, हे आपले नशीब.

म्हणून आमचे मत असे, की लहान आणि मोठा यांत भांडण लावू नये. दोघांची कामे वेगळी आहेत. गावातल्या गावात, नाव ते माळवद, देऊळ ते शाळा, एवढ्या अंतराला बिनपरवान्याचा लहान संच पुरतो. त्या बाळंतिणीच्या वेळी असे दोन संच असते तर चार तास वाचले असते. गावापासून कारखान्यापर्यंत मात्र परवान्याचा मोठा संच आणि मनोऱ्यावरचे एरियलच पाहिजे. कारखान्यावर निरोप पोहोचला की तिथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवता येते, आणि फोन नसेल तर जीप पाठवता येते, कारण कारखाना उंचावर आहे.

आता कायद्याचे. इंटरनेटवर पाच वॅटचे, हवी ती फ्रिक्वेन्सी लावता येणारे स्वस्त संच विकले जात होते. आपल्या भागातल्या काही पोरांनी ते मागवलेही. बंधूंनो, असा संच परवान्याशिवाय वापरणे गुन्हा आहे. त्याहून वाईट म्हणजे चुकून पोलिसांच्या किंवा बचाव पथकाच्या फ्रिक्वेन्सीवर बटण दाबले गेले, तर ऐन पुरात त्यांचेच बोलणे तुटेल. मदत करायला निघालेला माणूस मदतीच्याच आड येईल. अशा बेकायदा विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने २०२५ मध्ये इंटरनेटवरच्या दुकानदारांना नियम घालून दिले आहेत. तेव्हा संच घेताना तो सरकारमान्य आहे का, कोणत्या पट्ट्यात चालतो आणि परवाना लागतो का, ही तीन उत्तरे लेखी घ्यावीत. आणि घेतलेल्या संचात खोलून फेरफार करू नये.

घरचे म्हणून आणखी चार गोष्टी सांगतो.

बॅटरीचे आधी पाहा. संच ऐकत असतो तेव्हा बॅटरी थोडी खातो, बोलतो तेव्हा पुष्कळ. म्हणून थोडके बोलावे. घडीव बॅटरीचा संच हलका असतो खरा, पण वीज नसताना तो भरणार कुठे? ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा चार्जर सोबत घेतलाच पाहिजे. काही लहान संचांत दुकानात मिळणारे साधे पेन्सिल सेल चालतात. पुरासाठी ही मोठी सोय आहे; कोरडे सेल डब्यात ठेवले की झाले. मात्र संच ठेवून देताना त्यातले सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून संच खराब करतात.

दुसरे, पाणी. संचावर ‘आयपी ६७’ लिहिले असेल तर तो एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी त्याची परीक्षा झालेली असते. ‘आयपी ५४’ म्हणजे फक्त शिंतोड्यांपासून बचाव. नावेवर पहिलाच द्यावा. दुसरा असेल तर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे. पिशवीतूनही बोलता-ऐकता येते. आणि दोरीने गळ्यात अडकवावा, खिशात ठेवू नये.

तिसरे, कोड. बऱ्याच संचांत चॅनेलशिवाय एक ‘प्रायव्हसी कोड’ असतो. नावावरून वाटते की बोलणे गुप्त राहील. तसे काही नाही. तुमचे बोलणे इतरांना ऐकू येतेच. कोडामुळे फक्त दुसऱ्यांचे बोलणे तुमच्या कानावर येत नाही. एका गावाने एक कोड लावला आणि दुसऱ्याने दुसरा, तर चॅनेल एक असूनही दोघे एकमेकांना बहिरे. म्हणून आपत्तीत सर्वांनी कोड बंद ठेवावा.

चौथे, बोलण्याची शिस्त. बटण दाबून एक क्षण थांबावे, नाहीतर पहिला शब्द तुटतो. आधी ज्याला हाक मारायची त्याचे नाव, मग आपले. “राम राम, काय चाललंय” हे चावडीवर. इथे कुठे, किती माणसे, काय पाहिजे, एवढेच. ऐकणाऱ्याने निरोप परत म्हणून दाखवावा. आकडा एकेक करून सांगावा. खरखरीत ‘पंचवीस’ आणि ‘पंचावन्न’ सारखेच ऐकू येतात, म्हणून ‘दोन-पाच’ म्हणावे. दोघांनी एकदम बटण दाबले तर कुणाचेच ऐकू येत नाही, म्हणून समोरच्याचे संपेपर्यंत थांबावे. घाबरलेल्या माणसाला हे ऐनवेळी सुचत नाही. त्याला सवयच लागते.

सवय म्हटली की २००४ च्या डिसेंबरमधली गोष्ट आठवते. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओचे पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअरला गेले होते. हौशी रेडिओवर, म्हणजे ज्याला हॅम म्हणतात त्यावर, जगभरच्या लोकांशी बोलायचे, एवढाच त्यांचा हेतू. २६ तारखेला त्सुनामी आली. बेटांचा संपर्क तुटला असताना या मंडळींनी आपल्या संचांवरून मुख्य भूमीशी निरोपांची ने-आण केली. त्यांचे संच मोठे होते, आपल्यासारखे हातातले नव्हते, हे खरे. पण ते उपयोगी पडले, कारण संच चालू होते आणि चालवणारे तयार होते. हॅमचा परवाना परीक्षा देऊन वयाच्या १२ व्या वर्षापासून मिळू शकतो. आपल्या शाळा-कॉलेजांतल्या मुलांनी तो जरूर घ्यावा. मात्र तो हौसेचा परवाना आहे. त्यावर कारखान्याचे कामकाज चालवता येत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

आता शेवटचा आणि खरा आक्षेप. “संच घ्याल, फोटो काढाल, आणि दोन वर्षांनी स्टोअरमध्ये धूळ खात पडतील.” हा आक्षेप आम्हांला सर्वांत वजनदार वाटतो, कारण तसे होऊ शकते. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि पूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये. हंगाम संपला की संच कपाटात जाणार आणि नेमका पुराच्या दिवशी एकाचीही बॅटरी चढलेली नसणार. यावर उपाय एकच. रोजच्या कामात ते वापरायचे. हंगामात मोठे संच गट ऑफिसांत आणि टोळ्यांजवळ असू द्या. रात्री फडात ऊसतोड मजुराला साप चावतो, अवघडलेल्या बाईच्या पोटात दुखू लागते, ट्रॉली उलटते, उसाला आग लागते. फोनची रेंज नसलेल्या शिवारात ही माणसे आपल्या भरवशावर कोपी घालून राहतात. त्यांच्यासाठीसुद्धा ही सोय आपले कर्तव्यच आहे. आणि जून ते सप्टेंबर दर सोमवारी सकाळी कारखान्यावरून प्रत्येक गावाच्या संचाची हजेरी घ्यावी. ज्या गावाचे उत्तर आले नाही, तिथे त्याच दिवशी माणूस जावा.

“हे सरकारचे काम” असेही काहीजण म्हणतात. बचावाच्या नावा आणि जवान सरकार पाठवते आणि पाठवावेच. पण कोणत्या माळवदावर कोण बसले आहे, हे परगावाहून आलेल्या जवानाला गावातल्या माणसानेच सांगायचे असते.

म्हणून सभेपुढे आमची सूचना अशी. नदीकाठच्या प्रत्येक गावाला आणि प्रत्येक नावेला एकाच जातीचे लहान संच द्यावेत. प्रत्येक गट ऑफिसला परवान्याचा मोठा संच द्यावा आणि मनोऱ्यावर एरियल चढवावे. परवान्याचा अर्ज आधी, खरेदी नंतर. प्रत्येक गावात दोन माणसे नेमावीत, त्यांत एक महिला असावी, कारण पुरात बरेचदा गडी जनावरांमागे असतात आणि घरात बायाच असतात. आणि खरेदीच्या किमतीबरोबरच दरवर्षीची फी, बॅटऱ्या आणि दुरुस्ती यांचे अंदाजपत्रक संचालक मंडळाने सभेत वाचून दाखवावे. ते वाचले नाही तर ठराव मंजूर करू नका, असे आम्ही स्वतः सांगतो. पहिली खरेदी सोपी असते; मागच्या वेळी आपण वर्षाच्या फीपाशीच हात आखडला होता.

सभेला या, प्रश्न विचारा, आकडे मागा. फक्त ‘मोबाईल आहे की’ एवढे म्हणून हा विषय उडवून लावू नका. दोराला धरून पाण्यात उतरलेला तो पोरगा आपल्याच सभासदाचा आहे. तोही सभेला येणार आहे. त्याला समोर बसवून काय ते ठरवा.